खोडायला दोन नावं

१

दुपारी एक ते चार या वेळात पायसांदू गावात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आमच्या दवाखान्यातली तपासणीची खिडकी बंद होते, डॉक्टर जेवून घरी झोपतात, आणि तीन मजली इमारतीत पंख्यांची घरघर तेवढी उरते. तळमजल्यावर, पूर्वी जिथे चादरी धुवायचे त्या खोलीत, आम्ही दोघं मात्र जागे असतो. मी, मिर्ता इरिगोयेन, आणि तेचेरा. आमचं खरं काम तेव्हाच चालतं, कारण नेटवर्क मोकळं असतं.

काम काही फार मोठं नाही. बरोबर दोन वाजता स्कॅन सुटतो. तो दवाखान्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला, फोनला, प्रिंटरला, दारावरच्या कार्ड लावायच्या डबीला विचारतो, तू कोण आणि कुठल्या खोलीत आहेस. उत्तरांची एक फाइल होते आणि ती फाइल मी कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट डेटाबेसमध्ये इम्पोर्ट करते. हे नाव पुरतं उच्चारेपर्यंत जेवण थंड होतं, म्हणून आम्ही त्याला मोठी यादी म्हणतो. यादीत एका वस्तूची एक ओळ असते: वस्तू, खोली, वापरणारा माणूस. शेवटचा रकाना 'प्रत्यक्ष पाहिलं, कोणी' असा आहे. तो रिकामा असला की यादी ती ओळ परत करते.

पाहायचं काम तेचेराचं. एकसष्ट वर्षांचा, पोट सुटलेला, काखेत सदैव गरम पाण्याचा थर्मास. कोणती केबल कोणत्या साली उंदरांनी कुरतडली हे त्याला तोंडपाठ, पण खिशातला स्क्रूड्रायव्हर शोधायला सगळं कपाट उपसणार. मोजताना दर वस्तूला जिभेने 'टक्' करायची त्याला सवय होती. पण अकराशे सेहेचाळीस वस्तू दर वेळी कोण पाहणार? जी वस्तू वर्षानुवर्षं एकाच टेबलावर आहे, तिच्यापुढे मी बसल्या जागी 'तेचेरा' लिहून टाकायची. याला आम्ही 'खुर्चीतून पाहणं' म्हणायचो. त्यानेच तशी मोकळीक दिली होती. "माझे डोळे घे, चष्मा तेवढा परत दे," म्हणाला होता.

ओळ भरायला एक नाव पुरतं. खोडायला दोन लागतात, आणि ती जागा दोघांनी जाऊन पाहिलेली असावी लागते. राजधानीतल्या, मोंतेविदेओच्या मुख्य कचेरीतल्या कुणीतरी एकदा चालता सर्व्हर यादीतून खोडला होता, तेव्हापासूनचा हा नियम. आम्हाला तो उगाचच वाटायचा.

२

जानेवारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, त्या सोमवारी सकाळी राजधानीतून बेंतांकोरचा फोन आला. बेंतांकोर आमचा वरिष्ठ, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा, बोलायला साखर. शुक्रवारी दुपारी तीनला तो आमची यादी उतरवून घेणार होता. एकही ओळ परत आलेली नसली तर पायसांदूचा विभाग आणखी वर्षभर चालू राहील, नाहीतर सगळं काम तिकडे जाईल. मला तिकडे जागा मिळेल, असं त्याने सांगितलं. तेचेराचं मात्र अवघड आहे.

तेचेराला पेन्शनसाठी सात महिने कमी पडत होते. या वयात, या गावात, त्याला दुसरं काम कोण देणार? त्याची बायको एलिदा शिवणकाम करते आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. वीस वर्षं आम्ही दोघांनी वाळक्या भोपळ्याच्या एकाच पेल्यातून येर्बाच्या पानांचा कडू चहा नळीने ओढला, माझा नवरा गेला तेव्हा महिनाभर हा माणूस रोज मला घरापर्यंत सोडायला आला. त्याला सात महिन्यांसाठी बुडू देणं मला शक्य नव्हतं.

दोन वाजता स्कॅन झाला, मी फाइल भरली. अकराशे सेहेचाळीस ओळी आत गेल्या आणि एक परत आली. दारावरची कार्ड लावायची डबी, खोली ३०७, पाहिलं कोणी: रिकामं.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर सहा खोल्या आहेत. ३०६च्या पुढे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे सरळ अंगणातलं निलगिरीचं झाड. डबी बसवताना कुणीतरी ३०१च्या जागी ३०७ दाबलं असेल, असं मी धरलं. ओळ खोडायला दुसरं नाव हवं होतं आणि तेचेरा त्या दिवशी बंदराजवळच्या आमच्या छोट्या दवाखान्यात प्रिंटर दुरुस्त करत बसला होता. शिवाय अडतीस अंश उन्हात तीन जिने चढायचे. मी रकान्यात 'तेचेरा' लिहिलं आणि बटण दाबलं.

परत आलेल्या ओळी: शून्य. मला इतकं बरं वाटलं की मी कोपऱ्यावरून बिस्किटं आणून एकटीच खाल्ली.

३

मंगळवारी मी हे तेचेराला सांगितलं. तो मनापासून हसला. न बघताच आपण एक खोली बांधली, आता नगरपालिका कर लावेल, असं म्हणत तो वर जाऊन आला. सहा दारं आहेत आणि भिंत आहे, म्हणाला. चहा झाला की दोघांच्या नावाने खोडून टाकू, असं ठरलं.

चहा होईपर्यंत दोन वाजले आणि स्कॅन सुटला. फाइल भरल्यावर मी ३०७ उघडली, तर तिथे आता दोन वस्तू होत्या. डबी, आणि तेचेराचा टेबलावरचा फोन, क्रमांक ११८. खोडायला गेले तर यादी म्हणाली, भरलेली खोली खोडता येत नाही.

फोन तर माझ्या डोळ्यांसमोर होता. पिवळट पडलेला, आकड्यांवर त्याच्या बोटांचे डाग असलेला. तेचेरा वाकून भोपळ्यात पाणी ओतत होता. मी त्याला न सांगता माझ्या फोनवरून ११८ फिरवला. टेबलावरचा फोन वाजला नाही. माझ्या कानात मात्र घंटी वाजत होती, दोनदा, तीनदा, आणि मग कुणीतरी उचलला.

बंद खोलीत असते तशी जड शांतता होती. मग कागदाचं पान उलटल्याचा आवाज आला आणि टक्. थोडं थांबून, टक्. पुन्हा टक्. कुणीतरी मोजत होतं.

समोर तेचेरा भोपळा माझ्यापुढे धरून उभा होता, तोंड मिटलेलं. मी फोन ठेवला. त्याने विचारलं, कोण होतं? मी म्हणाले, चुकीचा नंबर. जुन्या तारांमधून आवाज उलटे फिरतात, हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवलं आहे. कालचा एखादा आवाज तारेत अडकला असेल असं मनाला बजावलं, आणि तारेत आवाज अडकत नाहीत हे माहीत असूनही ते तसंच राहू दिलं.

त्या संध्याकाळी मला एका जागी बसवेना. भांडी घासलेली पुन्हा घासली.

४

बुधवारी तेचेराचा कॉम्प्युटर गेला. म्हणजे होता टेबलावरच, पण नेटवर्क त्याला ओळखेना. स्कॅनने सांगितलं, खोली ३०७.

तेचेरा वैतागला. रागावला की त्याचे कान लाल होतात, तसे झाले. आपलाच कॉम्प्युटर आपल्याला सांगतो की तू इथे नाहीस, वीस वर्षं याचसाठी घासली का, अशी त्याची कुरकुर चालली होती. मी त्याला फोनचं सांगायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. पन्नाशीतली बाई फोनमधल्या टक्-टकीला घाबरली म्हणून तो निवृत्त होईपर्यंत मला चिडवत राहिला असता. मी फक्त म्हणाले, आज नको जाऊस वर, उन्हं उतरू देत.

"तू नोंद केलीस ना मी पाहिली म्हणून? मग एकदा पाहूनच येतो," तो म्हणाला. "निदान कागद तरी खोटा पडायला नको."

काखेत थर्मास, हातात यादीचा कागद, कानावर पेन्सिल. दोन वाजून पाच मिनिटांनी तो जिना चढला. त्याच्या जुन्या बुटांचा आवाज मी पहिल्या मजल्यापर्यंत ऐकला, दुसऱ्यापर्यंत ऐकला, मग पंख्यांत मिसळून गेला.

वर जाऊन यायला पाच मिनिटं लागतात. वीस झाली. मी दारापर्यंत गेले, परत आले. खिडकी उघडली, झळ आत आली म्हणून लावली. तीस झाली. जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून हाक मारावी असं वाटलं, पण झोपलेल्या दवाखान्यात ओरडायचं कसं, म्हणून नुसतीच उभी राहिले. पंचेचाळीस मिनिटांनी तो खाली आला.

"सहा दारं आहेत आणि भिंत आहे," तो म्हणाला. मंगळवारी म्हणाला होता तेच, त्याच सुरात.

"इतका वेळ?"

"मोजत होतो."

थर्मास वरच राहिला, म्हणाला. आमच्याकडचा माणूस एक वेळ पाकीट विसरेल, थर्मास नाही विसरणार. मी माझ्या थर्मासातून पाणी घालून त्याला भोपळा दिला. त्याने ओढला, परत दिला आणि आभार मानले. आमच्याकडे भोपळा परत देताना आभार मानले की 'आता मला नको' असा अर्थ होतो, हे शेंबड्या पोराला कळतं. म्हणून मी भोपळा खाली ठेवला. तर त्याने पुन्हा हात पुढे केला. मी दिला. त्याने ओढला, आभार मानले आणि पुन्हा हात पुढे केला. असं चारदा झालं. दर वेळी तो तितक्याच सभ्यपणे हसला.

ऊन डोक्यात गेलं असेल, असं मी म्हटलं. डॉक्टर चारला येतील तेव्हा रक्तदाब बघून घे, असंही त्याला सांगितलं. तो हो म्हणाला आणि गेला नाही.

५

गुरुवारी सकाळी आले तर तेचेरा आमच्या दाराबाहेर उभा. कार्ड सापडत नाही, म्हणाला. एरवी कार्ड विसरलं की तो दारावर थाप मारून, लाथ मारून, रखवालदाराच्या सात पिढ्या काढून आत यायचा. त्या दिवशी तो दाराकडे तोंड करून हात सोडून उभा होता. किती वेळ, कुणास ठाऊक. मी दार उघडलं आणि म्हणाले, ये. तेव्हा तो आला.

दहा वाजता एलिदाचा फोन आला. खुशीत होती. काल रात्री नवऱ्याने न सांगता भांडी घासली, जेवणाला नावं ठेवली नाहीत, असं काय खाऊ घालतेस त्याला कचेरीत, म्हणून विचारत होती. मीही हसले.

काम तर चालवायला हवं होतं. मी त्याला कपाटातला जुना लॅपटॉप दिला, दुसरा फोन जोडून दिला. दोन वाजता स्कॅन, मग फाइल. यादी अडली. लाल अक्षरांत तिने लिहिलं होतं:

तेचेरा: तळमजला, धुलाईघर.
तेचेरा: तिसरा मजला, ३०७.
एक ठेवा. एक काढा. काढलेली खोली आतल्या सगळ्यासह जाईल.

हे यादीचं नेहमीचं बोलणं आहे. एकच माणूस दोन ठिकाणी दिसला की ती असंच विचारते, आणि माणूस जिथे खरोखर बसतो ते ठिकाण आपण ठेवतो. शंभर वेळा मी हे केलं असेल. या वेळी बोट पुढे जाईना.

मी दारांची नोंद उघडली. कोणतं कार्ड कोणत्या डबीला कधी लागलं ते तिथे दिसतं. ३०७समोर एकच ओळ होती. तेचेरा, बुधवार, दोन वाजून दहा मिनिटं, आत. बाहेरची वेळ रिकामी होती.

मी मान वळवून पाहिलं. तो टेबलाशी बसला होता. लॅपटॉपचं झाकण बंद, दोन्ही हात झाकणावर. मी बघतेय हे कळल्यावर तो हसला.

मला पळून जावंसं वाटलं. उलट मी जागेवर बसून स्वतःशी वाद घातला. कार्ड वरच पडलं असेल, थर्मासाबरोबर. डबी बिघडली असेल. ऊन लागलं की माणसं दोन दिवस विचित्र वागतात, माझा बाप वागला होता. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी, जो माणूस मला समोर दिसतोय, ज्याच्या बोटाला तोच तांब्याच्या तारेने कापल्याचा वण आहे, तो तेचेरा नाही असं म्हणायला मी कोण?

६

शुक्रवारी पावणेदोनला बेंतांकोरने आठवण दिली. तीनला उतरवून घेतो, म्हणाला.

दोन वीसला मी उठले. टेबलाशी बसलेल्याला म्हणाले, इथेच थांब, मी वर जाऊन येते. त्याने मान हलवली. जाताना मी मुद्दाम दोनदा वळून पाहिलं. दोन्ही वेळा तो तिथेच होता.

पहिल्या मजल्यावर एक परिचारिका खुर्चीत पेंगत होती. दुसऱ्यावर कुणी नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा मला धाप लागली होती. तीन जिन्यांमुळे, असं मी म्हटलं. ३०१. ३०२. दारांच्या काचांना पांढरा रंग फासलेला, आत अंधार. ३०३, ३०४. पंख्याचा आवाज इथवर येत नव्हता. ३०५. ३०६.

आणि पुढे दार होतं.

इतर दारांसारखंच. तोच करडा रंग, तशीच पांढरी काच, बाजूला डबी आणि तिच्यावर हिरवा बारीक दिवा. दाराशी, जमिनीवर, तेचेराचा थर्मास होता. मी झाकण उघडून हात लावला. पाणी अजून गरम होतं, आणि दोन दिवस कोणताही थर्मास गरम राहत नाही.

काचेपलीकडे उजेड होता. त्या उजेडात कुणीतरी दाराला पाठ करून उभं होतं. रुंद पाठ, एक खांदा उतरता, कानावर काहीतरी आडवं. टक्, ऐकू आलं. टक्. त्याच्या पलीकडे त्याच बांध्याची आणखी एक पाठ असावी, आणि तिच्याही पलीकडे काही. काच पांढरी होती, मला नीट दिसलं नाही. नीट पाहायचा धीरही मी केला नाही.

मोजणं थांबलं. पाठ वळली. काचेवर तळवा टेकला.

"मिर्ता? तू आहेस ना?" आवाज दमलेला होता. "दार उघड गं. कार्ड आतून चालत नाही. किती वेळ मोजतोय, संपतच नाहीये."

माझा हात दाराच्या मुठीवर गेला होता. मूठ थंड होती. मुठीवर हात ठेवून मी किती वेळ उभी होते ते मला आजही सांगता येणार नाही. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, तेचेरा खाली आहे, तेचेरा खाली आहे, आत्ता मी त्याला पाहून आले. मग हे काय आहे? आणि दार उघडलं तर हे माझ्यामागून खाली येईल का? की आत गेल्यावर माझंही नाव त्या डबीत आत असंच राहील?

"मिर्ता," आतून पुन्हा आवाज आला. "अगं, एलिदा वाट बघत असेल."

मी हात काढला. जिना उतरताना दोनदा पडता पडता वाचले. तिसऱ्या मजल्यावरून काचेवरच्या थापा ऐकू येत होत्या, जोरात नाही, कुणाला झोपेतून उठवू नये इतक्या बेताने.

खाली तो जसाच्या तसा बसलेला होता. त्याने विचारलं, "होतं काही वर?"

मी म्हणाले, "नाही."

"मग तसं लिही," तो म्हणाला.

तीनला वीस मिनिटं होती. मी यादी उघडली. 'एक ठेवा'समोर धुलाईघर, 'एक काढा'समोर ३०७. दोन नावांचे दोन चौकोन उघडले. मी काही म्हणायच्या आत तो उठून माझ्या खांद्याशी आला आणि पहिल्या चौकोनात त्याने स्वतः नाव भरलं. तेचेरा. पटकन, न चुकता, दोन्ही हातांनी. वीस वर्षांत मी त्याला दोन बोटांनीच टाइप करताना पाहिलं होतं.

ते मी पाहिलं. पाहिलं आणि दुसऱ्या चौकोनात माझं नाव लिहिलं. मी घाबरले होते, मला ते सगळं संपायला हवं होतं, आणि हा माणूस समोर होता, चालता-बोलता. सात महिन्यांनी याला पेन्शन मिळणार होती. ती मिळावी म्हणूनच तर सगळा खटाटोप होता.

परत आलेल्या ओळी: शून्य. वरचा आवाज थांबला होता. तीनला बेंतांकोरने यादी उतरवून घेतली आणि आमचं अभिनंदन केलं.

संध्याकाळी मी सगळं बळ एकवटून पुन्हा वर गेले. ३०६च्या पुढे भिंत होती. जमिनीवर काही नव्हतं.

७

ऑगस्टमध्ये तेचेरा निवृत्त झाला. मांस भाजलं, भाषणं झाली, बेंतांकोर राजधानीतून घड्याळ घेऊन आला. तेचेराने प्रत्येकाचे आभार मानले. सगळे म्हणाले, किती शांत झालाय हा म्हातारपणी.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, ऐन दुपारच्या झोपेच्या वेळी, एलिदा धुलाईघरात आली. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. पेन्शन सुरू झाली का, मी विचारलं. झाली म्हणाली. तब्येत बरी आहे ना त्याची? बरी आहे. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

मग ती सांगायला लागली. भांडत नाही. चिडत नाही. सांगेल ते करतो. तिने हाक मारल्याशिवाय स्वयंपाकघरात येत नाही, दारातच उभा राहतो. आधी डोळ्यांना दिसत नव्हतं तेव्हा तिला वाटायचं, माणूस निवळला. आता स्वच्छ दिसतं, आणि दिसायला लागल्यापासून ती शेजारच्या बहिणीकडे झोपायला जाते.

"चाळीस वर्षं मी त्या माणसाशी भांडलेय, मिर्ता," ती म्हणाली. "मला कळतं. जानेवारीत त्या आठवड्यात काय झालं इथे? माझा माणूस कुठाय?"

मला खोटं सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं, निवृत्तीनंतर पुरुष बदलतात म्हणून. पण तिने चष्मा काढला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. मी तिला सगळं सांगितलं. पहिल्या ओळीपासून, बिस्किटांसकट. सांगताना मी रडले, ती रडली नाही. तिला सोडायला मी दारापर्यंत आले तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"आतून तो काही बोलला का?"

मी म्हणाले, "बोलला. तू वाट बघत असशील म्हणाला."

एलिदाने माझं मनगट सोडलं नाही. "आणि तू?"

"मी खाली निघून आले," मी म्हणाले.